वाचकांचे प्रश्न: ब्लड कॅन्सरच्या पेशी मरत का नाहीत?

मागच्या अंकात केमो चालू असताना काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) का पडतात यावर लिहिलं होतं आणि त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की ब्लड कॅन्सरच्या पेशींना 'मर' असा सिग्नल मिळतो तरी त्या मरत नाहीत. झालं, त्या एका वाक्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले, म्हणून हा अख्खा भाग त्यालाच देतेय. नावं मुद्दाम काढून टाकली आहेत कारण बऱ्याच जणांनी घरच्या पेशंटचे रिपोर्ट जोडून पाठवलेत. आणि हे आधीच सांगून ठेवते की मी पेशीविज्ञान शिकवते, पेशंट तपासत नाही, त्यामुळे 'आमचं औषध बदलावं का' याचं उत्तर इथे शोधू नका.

प्रश्न (बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला वाचक): खराब झालेल्या पेशी स्वतःहून मरतात असं आम्हाला शिकवलं, अपोप्टोसिस. मग ल्युकेमियाच्या पेशी तर पूर्ण बिघडलेल्या असतात, त्या का मरत नाहीत? त्यांच्यात ती यंत्रणाच नसते का?

यंत्रणा असते, जवळजवळ सगळीच्या सगळी जागेवर असते, आणि हीच या विषयातली सगळ्यात मजेची गोष्ट आहे. बहुतेकांना वाटतं की कॅन्सरच्या पेशीने मरण्याचं मशीनच काढून फेकून दिलंय. तसं क्वचित होतं. बहुतेक ब्लड कॅन्सरमध्ये मशीन चालू स्थितीत असतं, फक्त कुणीतरी ते धरून ठेवलेलं असतं.

आता मशीन कसं चालतं ते बघू. पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रिया असतात हे तुला माहितीच आहे, शाळेपासून ऊर्जा ऊर्जा ऐकून कंटाळा आलेला असेल, पण त्यांचं दुसरं काम म्हणजे पेशीच्या मरणाचा निर्णय तिथे होतो. त्यांच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पाडणारी दोन प्रोटीन्स आहेत, बॅक्स आणि बॅक. ही जागी झाली की भोकं पडतात, आतलं सायटोक्रोम सी बाहेर सांडतं, ते अ‍ॅपाफ-१ नावाच्या प्रोटीनला जाऊन चिकटतं, त्यांचं मिळून एक चक्रासारखं कॉम्प्लेक्स तयार होतं, त्यावर कॅस्पेज-९ जागं होतं, ते कॅस्पेज-३ ला जागं करतं आणि मग कॅस्पेज-३ पेशीतली शेकडो प्रोटीन्स कापत सुटतं. डीएनएचे तुकडे होतात, पेशी आकसते, तिचे छोटे छोटे गोळे होतात आणि मॅक्रोफेज येऊन ते गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही, गवगवा नाही. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी हे मायक्रोस्कोपखाली बघून त्याला अपोप्टोसिस नाव दिलं, आतली यंत्रणा कळायला मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली.

बॅक्स आणि बॅक कायम मोकळे सोडले तर आपण कुणीच जिवंत राहणार नाही, म्हणून त्यांना धरून ठेवणारी प्रोटीन्स असतात: बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल, एमसीएल-१ आणि त्यांचे एक-दोन भाऊबंद. तिसरा गट निरोप आणणाऱ्यांचा, बिम, प्यूमा, नॉक्सा, बिड, बॅड वगैरे. डीएनए तुटला, वाढीचा सिग्नल बंद झाला, पेशी नको त्या जागी भरकटली, की यातलं कुणी ना कुणी तयार होतं आणि बीसीएल-२ मंडळींच्या खाचेत जाऊन बसतं. खाच भरली की बीसीएल-२ ला बॅक्स-बॅकला धरून ठेवता येत नाही. म्हणजे हा सगळा आकड्यांचा खेळ आहे, निरोपे जास्त की धरून ठेवणारे जास्त.

ब्लड कॅन्सरची पेशी काय करते, तर धरून ठेवणारे वाढवते. याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे फॉलिक्युलर लिम्फोमा, लिम्फ नोडमधल्या बी पेशींचा कॅन्सर. त्यात १४ नंबरच्या आणि १८ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे आपापसात बदलले जातात. १८ वर बीसीएल-२ चा जीन असतो, १४ वर अँटिबॉडी बनवणारा जीन, आणि बी पेशीत अँटिबॉडीचा जीन कायम जोरात चालू असतो कारण तेच तिचं काम. बीसीएल-२ नेमका त्याच्या शेजारी जाऊन पडतो आणि तोही जोरात चालू होतो. त्सुजिमोटो आणि क्रोचे यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात या तुटलेल्या जागेवरून तो जीन शोधून काढला, बी सेल लिम्फोमात सापडलेला दुसरा म्हणून नाव बीसीएल-२.

तेव्हा सगळ्यांना वाटलं की हाही नेहमीसारखा पेशी वाढवणारा जीन असणार, कारण तोपर्यंत सापडलेले बहुतेक ऑन्कोजीन (कॅन्सर घडवणारे जीन) तसेच होते. १९८८ मध्ये मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड व्हॉक्स, सुझॅन कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी एक साधा प्रयोग केला. इंटरल्युकिन-३ (पेशींना जगण्याचा सिग्नल देणारं प्रोटीन) मिळालं तरच जगणाऱ्या रक्तपेशी घेतल्या, त्यात बीसीएल-२ घातला आणि इंटरल्युकिन काढून घेतलं. नेहमीच्या पेशी मेल्या, बीसीएल-२ वाल्या जगल्या. पण त्या वाढल्या नाहीत! नुसत्या बसून राहिल्या. मला विचाराल तर कॅन्सर बायॉलॉजीतला हा एक सगळ्यात देखणा प्रयोग आहे, कारण त्या एका निकालाने 'कॅन्सर म्हणजे पेशींची बेफाम वाढ' या व्याख्येला दुसरी बाजू जोडली गेली, की कॅन्सर म्हणजे वेळेवर न मरणंसुद्धा.

आणि दोन्ही बाजू एकत्र आल्या की काय होतं तेही लवकरच कळलं. मिक नावाचा ऑन्कोजीन पेशीला पळत सुटायला लावतो, पण तोच पेशीला मरणाकडेही ढकलतो, शरीराने केलेली ती सोयच आहे म्हणा ना. त्यामुळे एकटा मिक फार लांब जाऊ शकत नाही. बीसीएल-२ सोबत असेल तर मरणाचा रस्ता अडतो आणि वाढ मोकाट सुटते. उंदरांमध्ये दोन्ही जीन घातले तर लिम्फोमा फार झपाट्याने आला. माणसात ज्याला पूर्वी डबल हिट लिम्फोमा म्हणायचे त्यात मिक आणि बीसीएल-२ दोन्ही ठिकाणी तोडमोड असते, आणि तो आक्रमक का असतो ते आता तुझं तुलाच कळेल.

परीक्षेसाठी अजून एक देते. एका छोट्या जंताच्या शरीरात वाढीच्या काळात १,०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ ठरल्या वेळी मरतात, दर जंतात त्याच. यावरच्या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं. पुढे कुणीतरी माणसाचा बीसीएल-२ त्या जंतात घालून बघितला तर जंताच्या पेशींचं मरण अडलं. इतकी जुनी यंत्रणा आहे ही.

प्रश्न: म्हणजे ब्लड कॅन्सरची पेशी अमर असते का?

अजिबात नाही. सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, याच्या पेशी पेशंटच्या रक्तातून काढून डिशमध्ये ठेवल्या तर बऱ्याचशा काही दिवसांत आपोआप मरतात. कुठलंही औषध न घालता! शरीरात त्या टिकतात कारण बोन मॅरो आणि लिम्फ नोडमधल्या शेजारच्या पेशी त्यांना सतत जगण्याचे सिग्नल पुरवत असतात, आणि त्या सिग्नलनी एमसीएल-१ सारख्या प्रोटीन्सची पातळी वर राहते. मायलोमा, म्हणजे बोन मॅरोतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर, त्यातही तेच, तिथे मॅरोमधून मिळणारं इंटरल्युकिन-६ हा मोठा आधार असतो.

सीएलएलबद्दल वर्षानुवर्षं पुस्तकात असं होतं की या पेशी जन्मतच नाहीत फारशा, फक्त साठत जातात. २००५ मध्ये पेशंटना जड पाणी प्यायला देऊन नव्या पेशींचा वेग मोजला तेव्हा दिसलं की रोज एकूण पेशींच्या ०.१ टक्क्यापासून १ टक्क्याहून जास्त इतक्या नवीन पेशी तयार होतात. म्हणजे जन्मही चालू, मरणही चालू, फक्त हिशोब जन्माच्या बाजूला झुकलेला.

प्रश्न (एका वाचक ताईंचा, वडिलांना एएमएल, म्हणजे अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, आहे): जर त्या मरण्याला इतका विरोध करतात तर केमोने मरतात कशा? आणि केमोने मेंदू, हृदय का नाही मरत?

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात जास्त आवडला. याचं उत्तर सरळ वाटतं त्याच्या उलट आहे. ज्या पेशीत बीसीएल-२ खूप आहे ती मरणापासून लांब आहे असं वाटतं ना, तर बऱ्याचदा ती मरणाच्या अगदी काठावर असते. कॅन्सरच्या पेशीत सतत काहीतरी बिघडत असतं, त्यामुळे बिमसारखे निरोपे भरपूर तयार झालेले असतात आणि ते सगळे बीसीएल-२ ने खाचेत धरून ठेवलेले असतात. दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखं आहे हे, जितकी जास्त दाबली तितका हात सुटल्यावर जोर जास्त. निरोगी पेशीत मुळात दाबण्यासारखं फार काही नसतं.

तेव्हा बोस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये असलेले अँथनी लेटाई यांनी हे मोजायची पद्धतच काढली. पेशीच्या मायटोकॉन्ड्रियाला निरोप्याचा एक छोटा तुकडा द्यायचा आणि भोकं किती लवकर पडतात ते बघायचं. लवकर पडली तर पेशी काठावर आहे. त्यांच्या गटाच्या २०११ च्या कामात दिसलं की उपचाराआधी ज्यांच्या कॅन्सर पेशी जास्त काठावर होत्या त्यांना केमो जास्त चांगली लागू पडली. आणि तुमच्या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे, मोठ्या माणसाच्या मेंदूत आणि हृदयात बॅक्स-बॅक फार कमी असतात, त्या पेशी काठापासून खूप लांब. रक्ताच्या पेशी मात्र निरोगी असल्या तरी जन्मतःच काठाजवळ असतात, न्यूट्रोफिलचं सगळं आयुष्यच काही तास ते काही दिवस. म्हणूनच केमोत काउंट पडतात. केमोला 'कॅन्सरची पेशी' आणि 'चांगली पेशी' असा फरक कळत नाही, बऱ्याच अंशी तिला काठाजवळची आणि काठापासून लांबची इतकाच फरक कळतो.

(ज्या कॅन्सरच्या पेशी काठापासूनच लांब गेलेल्या असतात त्यांची गोष्ट वेगळी, आणि एएमएलमध्ये तशाही असतात. एकाच पेशंटमध्ये दोन्ही प्रकारच्या असू शकतात, तिथेच रिलॅप्सचं, म्हणजे आजार परत येण्याचं, बी असतं.)

प्रश्न: आईला सीएलएल आहे, व्हेनेटोक्लॅक्स सुरू केलं. पण पहिल्या आठवड्यात फक्त २० मिलिग्रॅम आणि पूर्ण डोसला यायला ५ आठवडे. औषध इतकं चांगलं आहे तर पहिल्या दिवसापासून पूर्ण का देत नाहीत? उगाच वेळ घालवतायत असं वाटतंय.

वेळ घालवत नाहीयेत, जीव सांभाळतायत. हे औषध थेट बीसीएल-२ च्या त्या खाचेत जाऊन बसतं, म्हणजे निरोप्याची नक्कल करतं. खाच भरली की आधीपासून धरून ठेवलेले खरे निरोपे सुटतात आणि पेशी तासांच्या हिशोबात मरायला लागते. आता ज्या पेशंटच्या अंगात कॅन्सरच्या पेशी प्रचंड आहेत तिथे त्या सगळ्या एकदम फुटल्या तर त्यांच्या आतलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि डीएनए तुटून बनलेलं युरिक अ‍ॅसिड सगळं एकदम रक्तात येतं. पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडतात, युरिक अ‍ॅसिड आणि फॉस्फेटने किडनी बसते, कॅल्शियम खाली जातं. याला ट्युमर लायसिस सिंड्रोम म्हणतात. सुरुवातीच्या ट्रायलमध्ये काही पेशंट याने दगावले, त्यानंतरच ही २०, ५०, १००, २००, ४०० अशी आठवड्याआठवड्याने चढणारी पद्धत आली. जास्त पाणी प्यायला लावणं, युरिक अ‍ॅसिडची गोळी आधीपासून देणं, डोसनंतर ६ ते ८ तासांनी आणि परत २४ तासांनी रक्त तपासणं, सगळं त्याचसाठी. एएमएलमध्ये डोस तीन-चार दिवसांतच चढवतात, पण तिथे आधी पांढऱ्या पेशी २५ हजारांच्या खाली आणून घेतात आणि पेशंट बहुतेक वेळा अ‍ॅडमिट असतो.

एक अजून, तुम्ही विचारलं नाहीये पण सांगते कारण हे घरच्यांच्याच हातात असतं. हे औषध लिव्हरमधल्या ज्या एन्झाइमने मोडलं जातं ते एन्झाइम काही अँटिफंगल गोळ्या, काही अँटिबायोटिक आणि ग्रेपफ्रूट यांनी अडतं, मग रक्तातली पातळी कितीतरी वर जाते. काही एएमएल पेशंटना पोसाकोनाझोल ही अँटिफंगल गोळी लागते म्हणून ४०० च्या जागी १०० किंवा त्याहूनही कमी देतात, ते कमी उपचार नसतात, हिशोब तोच बसतो. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे साध्या इन्फेक्शनसाठी गेलात तरी हे औषध चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

प्रश्न: रिपोर्टमध्ये 'डिलीशन १७पी' आलंय आणि सगळे गप्प झाले. याचा मरण्याच्या सिग्नलशी काय संबंध?

थेट संबंध आहे. १७ नंबरच्या क्रोमोसोमच्या त्या लहान बाजूवर टीपी-५३ जीन असतो, पी-५३ प्रोटीन बनवणारा. डीएनए तुटला की पी-५३ प्यूमा आणि नॉक्सा हे निरोपे तयार करायला लावतो. जुनी केमो डीएनए तोडते आणि पुढचं काम पी-५३ वर सोडते. पी-५३ च नसेल तर डीएनए तुटतो पण निरोप निघत नाही, पेशी तुटक्या डीएनएसकट पुढे जाते. म्हणून पूर्वी हा रिपोर्ट आला की डॉक्टरांचे चेहरे पडायचे, ते उगाच नव्हतं.

पण व्हेनेटोक्लॅक्सला पी-५३ लागत नाही, ते त्याच्या खालच्या टप्प्यावर काम करतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये त्याला पहिली मान्यता दिली ती नेमकी १७पी डिलीशन असलेल्या सीएलएल पेशंटसाठीच. बीटीके (बी पेशींना जगण्याचा सिग्नल पोचवणारं एन्झाइम) अडवणाऱ्या गोळ्याही या गटात चालतात. आता सगळं ठीक झालं असं मात्र म्हणणार नाही, टीपी-५३ बिघडलेल्यांमध्ये आजही आजार तुलनेने लवकर परततो. पण 'सगळे गप्प झाले' याची गरज राहिलेली नाही, उलट डॉक्टरांना विचारा की टीपी-५३ चं म्युटेशनही तपासलंय का, कारण डिलीशन नसून म्युटेशन असणारेही असतात आणि नुसत्या फिश टेस्टमध्ये (क्रोमोसोमचा तुकडा गेलाय का ते बघणारी तपासणी) ते दिसत नाही.

प्रश्न: वर्षभर छान चाललं आणि मग औषधाचा परिणाम कमी होत गेला. पेशी शिकतात का? आणि मग सगळीच धरून ठेवणारी प्रोटीन्स एकदम का अडवत नाही?

शिकत नाहीत हो, निवड होते. कोट्यवधी पेशींमध्ये एखादी आधीच जरा वेगळी असते किंवा वाटेत होते, बाकीच्या मेल्या की तीच उरते आणि तिचीच पुढे हजारो पिल्लं. रस्ते बरेच आहेत. सीएलएलमध्ये एक गाजलेलं म्युटेशन २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गटाने दाखवलं, बीसीएल-२ च्या १०१ नंबरच्या जागेवर ग्लायसिनच्या ऐवजी व्हॅलिन येतं. एवढ्याशा बदलाने खाचेचा आकार असा बदलतो की औषधाची पकड सुमारे १८० पट सैल होते, पण शरीराचे स्वतःचे निरोपे मात्र बसू शकतात. म्हणजे पेशीचं काम चालू, औषधाचं बंद.

पण जास्त करून दिसणारा रस्ता कमी नाट्यमय आहे. पेशी बीसीएल-२ वरचं अवलंबून राहणं सोडते आणि एमसीएल-१ किंवा बीसीएल-एक्सएल वर जाते. बीसीएल-२ च्या खाचेतून सुटलेला बिम लगेच एमसीएल-१ ने पकडला की संपलं. एएमएलमध्ये ज्या पेशी मोनोसाइटसारख्या दिसतात त्या बऱ्याचदा पहिल्यापासूनच एमसीएल-१ वर जास्त टेकलेल्या असतात, म्हणून तिथे हे औषध तुलनेने कमी चालतं. आणि क्वचित पेशी बॅक्सच बिघडवून टाकते, म्हणजे सुरुवातीला म्हटलं ना की मशीन फेकून देणं क्वचित होतं, ते हे.

सगळं एकदम अडवायचा प्रयत्न झालाय. नेव्हिटोक्लॅक्स बीसीएल-२ आणि बीसीएल-एक्सएल दोन्ही अडवतं. अडचण अशी की प्लेटलेटचं आयुष्य बीसीएल-एक्सएल वर ठरतं, तो अडवला की प्लेटलेट धडाधड पडतात. व्हेनेटोक्लॅक्स मुळात बनवलंच त्यासाठी, त्याच रेणूत बदल करून बीसीएल-एक्सएल सोडून द्यायचं. एमसीएल-१ अडवणारी औषधंही बनली पण हृदयाच्या स्नायूला एमसीएल-१ लागतो, ट्रायलमध्ये हृदयाच्या तक्रारी दिसल्या आणि काही ट्रायल थांबवाव्या लागल्या. म्हणजे ज्या प्रोटीनवर कॅन्सर टेकलाय त्यावरच आपलं दुसरं कुठलं तरी इंद्रिय टेकलेलं असतं, या क्षेत्रातली सगळी डोकेदुखी तीच आहे.

मग सध्या काय करतात, तर जोडीला दुसरं औषध देतात. एएमएलमध्ये अ‍ॅझासिटिडीन, ते एमसीएल-१ च्या बाजूने पेशीला कमकुवत करतं असं दिसतं. ज्यांना जोरदार केमो झेपणार नाही अशा पेशंटच्या मोठ्या ट्रायलमध्ये, निकाल २०२० चा, एकट्या अ‍ॅझासिटिडीनवर निम्मे पेशंट ९.६ महिन्यांपर्यंत जगले होते, जोडीवर तोच आकडा १४.७ महिने. खूप आहे का? तुमच्या घरात तो पेशंट असेल तर पाच महिने कमी नाहीत. सीएलएलमध्ये वेगळा विचार आहे, व्हेनेटोक्लॅक्स ओबिनुट्युझुमॅब या अँटिबॉडीसोबत सुरू करून १२ महिने देऊन पेशी इतक्या खाली आणायच्या की औषध थांबवता येईल, म्हणजे वर्षानुवर्षं औषधाखाली ठेवून पेशींना रस्ते शोधायला वेळच द्यायचा नाही. मला हा विचार जास्त पटतो.

प्रश्न: बाहेरून सिग्नल देऊन पेशी मारता येत नाही का? फॅस नावाचं बटण असतं असं वाचलं.

असतं. फॅस आणि ट्रेलचे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असतात, त्यांना जोडीदार येऊन भिडला की आत कॅस्पेज-८ जागं होतं आणि मायटोकॉन्ड्रियाची वाट न बघताही पेशी मरू शकते. पण १९९३ मध्येच उंदरांना फॅस दाबणारी अँटिबॉडी टोचून बघितली होती, काही तासांत उंदीर लिव्हर निकामी होऊन मेले, कारण लिव्हरच्या पेशींवर फॅस भरपूर. ट्रेलची औषधं तशी सुरक्षित निघाली पण ट्रायलमध्ये जोर फारच कमी. कॅन्सरच्या पेशी आत सी-फ्लिप नावाचं प्रोटीन वाढवून कॅस्पेज-८ ला अडवतात, कधी रिसेप्टरच कमी करतात.

हे जुनं प्रकरण परत महत्त्वाचं झालंय ते कार-टी मुळे, म्हणजे कॅन्सर ओळखण्यासाठी लॅबमध्ये बदललेल्या टी पेशींमुळे. कार-टी पेशी ल्युकेमियाच्या पेशीला शोधते, चिकटते, पण शेवटी मारते कशी? ग्रॅन्झाइम नावाची मारक एन्झाइम आत सोडून आणि असेच रिसेप्टर दाबून. म्हणजे समोरच्या पेशीची मरण्याची यंत्रणा चालू असावी लागते. २०२० मध्ये ल्युकेमियावरच्या अभ्यासात दिसलं की हा रिसेप्टरचा रस्ता बिघडलेला असेल तर कार-टी ज्यावरून पेशी ओळखते ती निशाणी जागेवर असूनही कार-टी हरू शकते, आणि वर टी पेशी त्या न मरणाऱ्या पेशींशी झगडून झगडून थकतात.

प्रश्न: अमुक एका वनस्पतीच्या अर्काने ल्युकेमियाच्या ८० टक्के पेशी मरतात असा मेसेज सगळीकडे फिरतोय. खरं आहे का?

डिशमध्ये खरं असेलही. मीठ जास्त घातलं तरी डिशमधल्या पेशी मरतात. वर सांगितलंय की सीएलएलच्या पेशी डिशमध्ये काहीही न घालतासुद्धा मरतात, तेव्हा पहिला प्रश्न हा विचारायचा की काहीच न घातलेल्या डिशमध्ये किती मेल्या. दुसरा प्रश्न, तेवढी पातळी माणसाच्या रक्तात पोचते का. तिसरा, निरोगी मॅरोच्या पेशी किती मेल्या. मेसेजमध्ये या तिन्हीचं उत्तर सापडलं तर मला नक्की पाठवा. आणि चालू औषधासोबत असले अर्क डॉक्टरांना न सांगता घेऊ नका, लिव्हरच्या एन्झाइमची गोष्ट वर आलीच आहे.

प्रश्न: मला सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) आहे, इमॅटिनिब कित्येक वर्षं घेतोय, रिपोर्ट छान आहेत. ही गोळी पेशी मारते की फक्त दाबून ठेवते? मारत असेल तर बंद का करत नाहीत?

दोन्ही करते, वेगवेगळ्या पेशींना वेगवेगळं. सीएमएलमध्ये ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल बनतं, ते पेशीला वाढवतं आणि त्याच वेळी बिमला दाबून ठेवतं, बीसीएल-एक्सएल वाढवतं. इमॅटिनिबने बीसीआर-एबीएल बंद पडलं की बिम वर येतो आणि पेशी मरते. पूर्व आशियातल्या काही लोकांमध्ये बिमच्या जीनचा एक तुकडा जन्मतःच नसतो, त्यांचा बिम नीट काम करत नाही आणि त्यांच्यात या गोळीचा परिणाम कमी दिसू शकतो, हे २०१२ मध्ये कळलं. यात कॅन्सरने काहीच केलेलं नाही, माणसाच्या स्वतःच्या जीनचा फरक आहे.

पण सीएमएलच्या मुळाशी असलेल्या स्टेम सेल जगण्यासाठी बीसीआर-एबीएल वर अवलंबून नसतात, मॅरोतले इतर सिग्नल त्यांना पुरतात. त्यामुळे गोळीने बाकीच्या मरतात, या टिकतात. म्हणूनच सरसकट बंद करत नाहीत. तरी फ्रान्समध्ये झालेल्या एका ट्रायलमध्ये, २०१० ला छापून आलेल्या, किमान दोन वर्षं बीसीआर-एबीएल टेस्टमध्ये दिसतच नव्हतं अशा पेशंटची गोळी थांबवली आणि साधारण ४० टक्के लोकांमध्ये आजार वर्षभरानंतरही परत आला नाही. ज्यांच्यात आला त्यांच्यात बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच आला आणि गोळी परत सुरू केल्यावर पुन्हा ताब्यात आला. आता बऱ्याच ठिकाणी असं थांबवून बघतात, पण अटी असतात: किती वर्षं गोळी झाली, किती वर्षं रिपोर्ट किती खोल खाली आहेत, आणि थांबवल्यावर सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर (बीसीआर-एबीएल मोजणारी टेस्ट) करता येईल का. तुमच्या रिपोर्टमध्ये 'एमआर ४' किंवा 'एमआर ४.५' (बीसीआर-एबीएल किती खोल खाली गेलंय त्याचं माप) असं किती वर्षांपासून लिहिलेलं येतंय ते आधी बघा, आणि ते सगळे कागद घेऊनच डॉक्टरांकडे हा विषय काढा. मनाने बंद करू नका.